पंचविशीतलं कोलॅजन

तुळशीची लग्नं लागायच्या आतच त्वचेच्या क्लिनिकांची लग्नसराई सुरू झालेली असते. ब्रायडल पॅकेज, ग्रूम पॅकेज आणि हल्ली त्यात ठळक अक्षरांत ‘कोलॅजन बूस्ट’. पंचविशीतल्या मुलीला सांगितलं जातं, की तुझं कोलॅजन उतरणीला लागलंय. हे खोटंही नाही. विशी ओलांडली की त्वचेतलं कोलॅजन वर्षाला साधारण १ टक्का घटतं, असा ढोबळ हिशेब त्वचातज्ज्ञ मांडतात. मात्र त्यातली मोठी गळती कुठून होते, हे पॅकेजच्या पत्रकावर छापलेलं नसतं.

कोलॅजन म्हणजे शरीरातल्या एकूण प्रथिनांचा जवळजवळ एक तृतीयांश हिस्सा. त्वचेच्या आतल्या थरात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी ते तयार करतात आणि त्यासाठी त्यांना क जीवनसत्त्व लागतं. आवळा, पेरू, लिंबू खाणाऱ्या तरुण माणसाच्या शरीरात हे काम बिनबोभाट चालू असतं. ते बिघडवतं ऊन. उन्हातले अतिनील ‘अ’ किरण ढगांतून आणि खिडकीच्या काचेतूनही आत येतात, आणि कोलॅजनचे धागे तोडणारी विकरं जागी करतात. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या या माणसाचा खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी लोंबलेला, आणि उजवा त्यामानाने कितीतरी तरुण. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे आपल्या ड्रायव्हरांनी उजवा गाल सांभाळायचा.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बूर गावी ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्यांच्या त्वचेचं वय साडेचार वर्षांत, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत, २४ टक्के कमी वाढलं. कुठलंही यंत्र नाही, सुई नाही. पुण्यातल्या दुचाकीवाल्या मुलींच्या स्कार्फची आपण बरीच थट्टा केली, पण त्वचेच्या हिशेबाने त्या शहाण्याच ठरल्या. सनस्क्रीन ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं हवं, ‘अ’ किरणांपासूनही संरक्षण देणारं हवं, आणि चेहरा व मान मिळून दोन बोटांवर भरेल एवढं तरी हवं. आपल्याकडे सहसा याच्या निम्मंही लावलं जात नाही.

यानंतरचा खरा मानकरी रेटिनॉइड. त्या गटातलं ट्रेटिनॉइन हे मूळचं पिंपल्सचं औषध. अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं, की उन्हाने खराब झालेली त्वचा त्याने सुधारते. रात्री मटाराच्या दाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदाच. आणि गरोदरपणात किंवा मूल हवं असताना अजिबात नाही. डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं. मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेल्या, ‘गोरं करणाऱ्या’ ट्यूबशी याची गल्लत करू नये. तसल्या अनेक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. ते त्वचा पातळ करतं आणि नव्या कोलॅजनची निर्मितीच दाबतं. एका हाताने ही ट्यूब चोळायची आणि दुसऱ्या हाताने कोलॅजनचे पैसे भरायचे, असं चित्र आपल्याकडे दुर्मीळ नाही.

कोलॅजनच्या क्रीमबद्दल फार लिहायला नको. कोलॅजनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा आणि त्वचेतून साधारणपणे आत जाऊ शकतात ते ५०० डाल्टनच्या आतबाहेरचे. क्रीम वरच राहतं, ओलावा देतं, इतकंच. खायची कोलॅजन पावडर पचनात तुकडे होऊनच रक्तात जाते. तिच्या बाजूचे बरेच अभ्यास छोटे आणि कंपन्यांच्या पैशांवर झालेले आहेत. शिवाय ती माशांच्या खवल्यांपासून नाहीतर जनावरांच्या कातडीपासून बनते, हे शाकाहारी घरांत डबा उघडण्यापूर्वी वाचलेलं बरं.

आता क्लिनिकमधले उपचार. त्यांची युक्ती एकच: त्वचेला मोजूनमापून इजा करायची आणि ती भरून काढताना शरीराला नवं कोलॅजन बनवायला लावायचं. तरुणांसाठी त्यातला सर्वांत कामाचा उपचार मायक्रोनीडलिंग. केपटाऊनचे प्लास्टिक सर्जन डेस्मंड फर्नांडिस यांनी सुयांचा रोलर वापरून तो रूढ केला. आधी नंबिंग क्रीम लावून अर्धा-पाऊण तास बसवतात. मग पेनासारखं यंत्र गालावरून फिरतं, बारीक सुया साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर आत जातात, रक्ताचे टाचणीएवढे ठिपके उमटतात. कपाळावर, हाडाजवळ, जास्त झोंबतं. एक-दोन दिवस चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल राहतो. अशा तीन ते सहा सिटिंग, प्रत्येकीत महिना-दीड महिन्याचं अंतर.

पिंपल्सचे खड्डे राहिलेल्यांना याचा चांगला उपयोग होतो. आपली गव्हाळ-सावळी त्वचा जराशा भाजण्यानेही काळे डाग धरते. त्यामुळे त्वचेचा वरचा थर जाळून काढणाऱ्या लेसरपेक्षा सुया आपल्याला सहसा जास्त मानवतात. पण पिंपल्स फुललेले असताना सुया फिरवल्या तर संसर्ग पसरतो. ओठांवर वारंवार फोड येत असतील किंवा जखमेचे व्रण फुगत असतील, तर डॉक्टरांना आधी सांगायला हवं. ऑनलाइन मागवून हॉस्टेलच्या खोलीत तिघींनी फिरवलेला रोलर हा तर सरळ धोका. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये ‘व्हॅम्पायर फेशियल’ करून घेतलेल्या महिलांना एचआयव्हीची लागण झाली. आपलंच रक्त काढून, त्यातला प्लेटलेटचा भाग सुयांबरोबर चेहऱ्यावर वापरण्याच्या उपचाराचं हे बाजारू नाव. दोष त्या उपचारात नव्हता, सुया-सामानाच्या अस्वच्छतेत होता.

उष्णता देणारे हायफू (अतिध्वनी लहरी) आणि रेडिओफ्रिक्वेन्सी, त्वचा ओढून धरणारे धागे, कोलॅजन जागवणारी इंजेक्शनं, ही सगळी मुख्यतः सैल पडलेल्या किंवा बसलेल्या चेहऱ्यासाठी. पॉली-एल-लॅक्टिक आम्लाच्या इंजेक्शनला अमेरिकेत २००४ मध्ये पहिली मान्यता मिळाली, तीही एचआयव्हीच्या रुग्णांचे खोल गेलेले गाल भरण्यासाठी. पंचविशीत चेहरा सैल पडलेलाच नसतो, मग ताणायचं काय? उलट उष्णता चुकीच्या खोलीवर पडली तर गालांची चरबीच उतरायची भीती.

क्लिनिकच्या सोफ्यापेक्षा भिंतीवरची पदवी पाहा. त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा आहे का, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का? यंत्र डॉक्टर स्वतः धरणार की चार दिवसांचा कोर्स केलेली मदतनीस, हे निःसंकोच विचारा. सुईचं सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा. यावर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, तिथून उठलेलं बरं.

आणि कॅलेंडर पाहा. नवं कोलॅजन तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात. डिसेंबरातल्या मुहूर्तासाठी पहिली सिटिंग जूनमध्ये व्हायला हवी होती. लग्न महिन्यावर आलेलं असताना कुणी एका सिटिंगमध्ये कोलॅजन वाढवून देत असेल, तर आगाऊ रक्कम भरू नका.