विमानाचा कारखाना आणि वालचंद

‘एचएएल? ती तर स्वातंत्र्यानंतर सरकारनं काढलेली कंपनी!’ स्पर्धा परीक्षेच्या मुलांकडून हे मी अनेकदा ऐकलंय, निवृत्त अभियंत्यांकडूनही. पण परवा ते सोलापुरात ऐकलं, जिथे १८८२ मध्ये उद्योगपती वालचंद हिराचंद जन्मले, तेव्हा मात्र राहवलं नाही.

बंगळूरला ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ची, म्हणजे आजच्या एचएएलची, नोंदणी झाली २३ डिसेंबर १९४० रोजी. देशावर तेव्हा ब्रिटिशांचं राज्य होतं. शंका असेल तर एचएएलनं स्वतः दिलेला आपला इतिहास पाहा, नाहीतर गं. दे. खानोलकरांनी लिहिलेलं वालचंदांचं चरित्र काढा. दोन्हीकडे संस्थापक म्हणून एकच नाव सापडेल: वालचंद.

१९३९ मध्ये विमानप्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांची जुळणी करत होता. तो चीनमध्ये करतो ते हिंदुस्थानात का नाही, हा विचार वालचंदांनी सोडला नाही. मैसूर संस्थानानं, दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या काळात, जमीन दिली आणि भागीदारीही घेतली. सुरुवातीचं कार्यालय होतं डोमलूर रस्त्यावरच्या एका बंगल्यात. धावपट्टी, शेड, यंत्रं, सगळं शून्यातून उभं करायचं होतं. तरी १९४१ मध्येच तिथे जुळवलेलं हार्लो जातीचं प्रशिक्षण विमान आकाशात गेलं.

मग सरकार आलं कुठून? युद्धामुळे. १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकारनं भाग घेतले. डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि असा कारखाना खाजगी हातात ठेवणं ब्रिटिशांना परवडेना. १९४२ मध्ये त्यांनी वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. म्हणजे सरकारीकरण झालं खरं, पण तेही स्वातंत्र्याच्या पाच वर्षं आधी! १९६४ मध्ये दुसऱ्या एका सरकारी विमान कंपनीशी विलीनीकरण होऊन ‘हिंदुस्तान एरोनॉटिक्स’ हे नाव आलं आणि पुष्कळ जण तेच जन्मवर्ष धरून बसतात. नंतर सरकारनं कारखाना वाढवला, मोठा केला, ते श्रेय त्याचंच. पण पाया कुणी घातला हे त्यामुळे बदलत नाही.

बाकीचे गैरसमज झटपट. अँबॅसिडर वालचंदांची नव्हे, ती बिर्लांची. वालचंदांची कंपनी कुर्ल्याची प्रीमियर, १९४४ ची. ‘पद्मिनी’ हे नाव प्रीमियरच्या गाडीला मिळालं सत्तरच्या दशकात, आणि वालचंद वारले १९५३ मध्ये. सांगलीचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झालं ते ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ म्हणून. वालचंदांचं नाव १९५५ मध्ये लागलं. वालचंदांची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही काही शिंदे घराण्याची कंपनी नव्हती. तिचं ‘लॉयल्टी’ हे जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेलं, म्हणून कंपनीला ते नाव. हेच जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं, आणि आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन असतो.

आणि एक गैरसमज वालचंदांच्या चाहत्यांचा, म्हणजे आमचाच: सिंदिया ही पहिली स्वदेशी जहाज कंपनी. नाही. तुतिकोरिनच्या व्ही. ओ. चिदंबरम पिल्लईंनी १९०६ मध्येच स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन काढून कोलंबोपर्यंत जहाजं चालवली होती. ती कंपनी मोडीत निघाली तेव्हा चिदंबरम तुरुंगात होते. तिथे त्यांना तेलाच्या घाण्याला जुंपलं होतं.