सी ड्राइव्ह लाल झाला तर

तायांनो, ग्रामसंघाच्या लॅपटॉपवर 'जागा कमी आहे' अशी सूचना आली की लगेच दुकानात पळू नका. आधी 'धिस पीसी' उघडा. बहुतेक ठिकाणी सी आणि डी असे दोन ड्राइव्ह दिसतील. कपाट एकच, मधे फळी टाकून दोन कप्पे केलेत, एवढंच. सी मध्ये विंडोज असतं. पण डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये ठेवलेलं सगळंसुद्धा सी मध्येच जातं, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. म्हणून सी गच्च आणि डी रिकामा!

मग बैठकांचे फोटो, व्हिडिओ कट करून डी मध्ये वर्षाच्या नावाचं फोल्डर करून पेस्ट करा. व्हिडिओ आधी हलवा, जागा तेच जास्त खातात. डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये पडून राहतं, एकदा बघून तोही रिकामा करा. विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरना मात्र हात लावायचा नाही.

ड्राइव्हवर राइट क्लिक केलं की 'फॉरमॅट' दिसतं. ते दाबू नका, बाई! जागा मोकळी होते खरी, पण त्या कप्प्यातल्या कर्जाच्या नोंदी, ऑडिटचे कागद, सगळं जातं. कॉलेजात माझा प्रोजेक्ट असाच गेला होता, म्हणून सांगते.

आणि डी मध्ये ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं, असं नाही. डिस्क एकच, ती बिघडली तर दोन्ही कप्पे जातात. दर महिन्याच्या बैठकीनंतर हिशोबाची फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करा. तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत नको, अध्यक्षताईंच्या घरी ठेवा.