दंड भरून सुटाल की जेलमध्ये जाल? दुकानदाराने लक्षात ठेवायचा एकच आकडा



एका बॅचनंतर मोबाईल शॉपी चालवणारा एक मुलगा माझ्यासाठी थांबला. म्हणाला, "सर, गल्ल्यात शिल्लक राहते ती मी ओळखीच्यांना देतो. महिना ५ टक्के व्याज. गाडीचं आरसी बुक ठेवून घेतो. साइड इन्कम मस्त होते." मी विचारलं, "परवाना आहे?" तो हसला. "सर, पकडलं तर काय, दंड भरू की!"

इथेच आपली चूक होते. आपण "दंड किती?" एवढंच विचारतो. खरा प्रश्न असा आहे: या गुन्ह्याला जास्तीत जास्त किती वर्षांची शिक्षा आहे?

३ वर्षांची रेघ

चोरी, मारामारी, फसवणूक हे गुन्हे भारतीय न्याय संहितेत येतात. १ जुलै २०२४ पासून ती आयपीसीच्या जागी लागू आहे. पण धंद्यात आपला संबंध जास्त येतो तो वेगळ्या, खास कायद्यांशी. त्यातले बरेच महाराष्ट्राचे स्वतःचे आहेत. अशा कायद्यात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर नियम सोपा आहे:

- कमाल शिक्षा ३ वर्षांपेक्षा कमी किंवा फक्त दंड: गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र.
- कमाल शिक्षा ३ वर्षे किंवा जास्त: दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामिनासाठी कोर्टात उभं राहावं लागतं.

आता हीच रेघ आपल्या दुकानात लावून बघू.

१. प्लास्टिक कॅरीबॅग

राज्यात २३ मार्च २०१८ पासून बंदी आहे. पहिल्यांदा सापडलात तर ₹५,०००, दुसऱ्यांदा ₹१०,०००, तिसऱ्यांदा ₹२५,००० आणि ३ महिन्यांची कैद. रेघेच्या अलीकडे आहे, पण पायरी बघा! म्हणून पहिली पावती फाडली गेली त्याच दिवशी उरलेला स्टॉक दुकानातून बाहेर काढा. "संपेपर्यंत वापरू" म्हणणाराच दुसऱ्यांदा सापडतो.

२. व्याजाने पैसे देणं

आपल्या शॉपीवाल्याची केस. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा केला तर ५ वर्षांपर्यंत कैद, किंवा ₹५०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे रेघेच्या सरळ पलीकडे. वर आणखी एक फटका: परवाना नसेल तर कोर्ट वसुलीचा हुकूमनामाही देत नाही. पैसे गेले ते गेलेच, वरून गुन्हा.

घाबरू नका, किराण्याची बिनव्याजी उधारी म्हणजे सावकारी नाही. पण नियमितपणे व्याज लावून पैसे फिरवायचे असतील तर आधी तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या ऑफिसात परवान्याची चौकशी करा.

३. गुटखा

राज्यात २०१२ पासून बंदी आहे. "चार पुड्या ठेवल्या तर काय होतंय?" असं वाटतं ना? पोलीस यात अनेकदा न्याय संहितेचं कलम १२३ लावतात. त्यात कमाल शिक्षा १० वर्षे आहे. पुडीमागे दोन-चार रुपये सुटतात, त्यासाठी ही रिस्क घ्यायची का, तुम्हीच हिशोब करा.

४. "छोटू"

१४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवलं तर ६ महिने ते २ वर्षे कैद, किंवा ₹२०,००० ते ₹५०,००० दंड, किंवा दोन्ही. हा कायदा केंद्राचा आहे. शिक्षा ३ वर्षांच्या आत आहे, पण या कायद्यातच हा गुन्हा दखलपात्र ठरवलाय. म्हणजे आपल्या रेघेला अपवाद. स्वतःच्या मुलाने शाळा सुटल्यावर दुकानात हातभार लावला तर चालतं, धोक्याचं काम मात्र नको.

तपासणी आली तर

१. साहेबांचं ओळखपत्र नम्रपणे बघा, नाव लिहून घ्या.
२. पंचनामा पूर्ण वाचा, मगच सही करा. प्रत मागा.
३. दंड भरलात तर पावती घ्या आणि जपून ठेवा.
४. "मिटवून टाका" म्हणत पाकीट काढू नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत कैद. म्हणजे ₹५,००० चा विषय तुम्ही स्वतःच्या हाताने रेघेपलीकडे नेता. कुणी जबरदस्तीने घेतलीच, तर ७ दिवसांच्या आत तक्रार करा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.

आणि गुन्हा दाखल झालाच तर व्हॉट्सॲपवर सल्ले मागत बसू नका, त्याच दिवशी वकील गाठा.

तो मुलगा आता काय करतो? नवीन कर्ज देणं बंद केलं. आरसी बुकं परत केली, फक्त मुद्दल घेतली. शिल्लक पैशातून ॲक्सेसरीजचा माल भरला. व्याजाएवढं सुटत नाही म्हणतो, पण शटर उघडताना पोटात गोळा येत नाही.

आज एक काम करा. तुमच्या दुकानात "चालतंय की" म्हणून सुरू असलेली एक गोष्ट कागदावर लिहा. तिच्यापुढे कमाल शिक्षा लिहा. मग ठरवा.