तांदळातला खडा मेंदूला कसा सापडतो?

तांदूळ निवडायला बसलेली बाई सुपावरून हात फिरवते आणि पांढऱ्या दाण्यांतून पांढराच खडा नेमका उचलते. विचारले तर सांगेल, "दिसला, म्हणून काढला." पण दिसला म्हणजे नेमके काय झाले? दाण्यावरून आणि खड्यावरून सारखाच उजेड डोळ्यात शिरतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, 'हा खडा' अशी चिठ्ठी कुठेही लावलेली नसते. तिथे पडतात ते उजेडाचे कमी-जास्त ठिपके. त्यातले कोणते ठिपके एकत्र धरून एक वस्तू मानायची आणि कोणते मागे सारायचे, हा निवाडा मेंदू करतो. पुढे येते ती आकृती, मागे राहते ती पार्श्वभूमी.

हे काम क्षणार्धात आणि आपल्या नकळत होते. त्यामुळे ते बिघडले तरी बिघाड कुठे आहे हे घरच्यांना कळत नाही. आजी पायरीवरून पडते, आजोबा ताटातला भात तसाच ठेवतात, पोराचे पुस्तकात लक्ष नाही अशी तक्रार शाळेतून येते. आपण वयाला किंवा आळसाला दोष देऊन मोकळे होतो. यातल्या काही गोष्टींच्या मागे हा निवाडा चुकणे असू शकते, म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

डेन्मार्कचे मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ साली आपल्या प्रबंधात याचा नीट अभ्यास मांडला. त्यांचे फुलदाणीचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. मध्ये पाहिले तर फुलदाणी, कडेला पाहिले तर समोरासमोर असलेले दोन चेहरे. दोन्ही एकाच वेळी काही दिसत नाहीत. रुबिन यांनी दाखवले की दोन भागांमधली कड एका वेळी एकाच भागाच्या मालकीची असते. ज्याची कड त्याला आकार मिळतो, दुसरा भाग बिनआकाराचा होऊन मागे पसरलेला वाटतो. फळीवर तांब्या ठेवला असेल तर मागची भिंत तांब्याच्या कडेपाशी संपली, असे कुणाला वाटते का? ती तांब्यामागेही आहे, हे आपण न पाहताच धरून चालतो. चारी बाजूंनी बंद असलेला, लहान, फुगीर भाग मेंदू बहुधा आकृती म्हणून निवडतो. हे त्याचे अंदाज असतात आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतात.

कडेच्या मालकीची ही गोष्ट नुसती कल्पना नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रुडिगर फॉन डर हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी तपासल्या आणि २००० साली निष्कर्ष छापले. एकेका पेशीला चित्राचा अगदी छोटा तुकडा दिसतो, जणू किल्लीच्या भोकातून पाहावे तसा. तरीही तीच कड समोर असताना आकृती डावीकडे आहे की उजवीकडे, यानुसार अनेक पेशींचा प्रतिसाद कमी-जास्त होत होता. शेजारच्या भागांत काय आहे ही खबर त्यांच्यापर्यंत सेकंदाच्या काही शतांश भागात पोचत होती.

मग ही विद्या जन्मजात असते की शिकावी लागते? याचा एक पुरावा आपल्याच देशातून आला. शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या कामात, जन्मापासून जवळजवळ अंध असलेल्या मुलामाणसांवर उपचार करून त्यांची नजर कशी घडते हे पाहिले जाते. 'एस. के.' या आद्याक्षरांनी शास्त्रात ओळखल्या जाणाऱ्या एका माणसाला २९ व्या वर्षी योग्य चष्मा मिळाला. त्याच्या डोळ्यांत जन्मापासून नैसर्गिक भिंगच नव्हते. चष्म्याने उजेड, रंग, रेषा दिसू लागल्या. पण एकमेकांवर चढलेला चौकोन आणि गोल दाखवले, तर त्याला दोन वस्तू दिसत नसत. रेषांनी बंद झालेला प्रत्येक तुकडा तो वेगळी वस्तू म्हणून मोजत असे. डोळे उघडले होते, पण जग तुकड्यातुकड्यांचे होते.

तेच आकार हलवले मात्र त्याला ओळखता आले! जे तुकडे एकत्र सरकतात ते एकाच वस्तूचे, हे त्याच्या मेंदूला समजत होते. गवतात बसलेला नाकतोडा उडी मारेपर्यंत आपल्यालाही कुठे दिसतो? पुढे सुमारे दीड वर्षाने पाहिले, तेव्हा स्थिर चित्रेही त्याला बऱ्यापैकी उलगडू लागली होती. २००९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

याचा आपल्यासाठी अर्थ दुहेरी आहे. बाळाच्या बाहुलीत पांढरा ठिपका दिसला तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. जन्मजात मोतीबिंदू पहिल्या दोन-तीन महिन्यांत काढला तर नजर सर्वांत चांगली घडते. आणि मूल मोठे झाले असेल तर "आता काय उपयोग" म्हणून घरी बसवू नये. नजर पूर्ण येईलच असे नाही, पण मेंदू पुढेही शिकतो.

म्हातारपणी गोष्ट उलटी होते. निवाडा करायची सवय असते, पण कडच फिकी पडते. मोतीबिंदूने आणि काचबिंदूने उजेड-अंधारातला फरक पुसट होतो. तक्त्यावरची पांढऱ्यावरची काळी अक्षरे वाचता येतात, म्हणून "नजर ठीक आहे" असे म्हटले जाते. पण जिन्याच्या एकाच रंगाच्या पायऱ्यांची कड त्यांना दिसत नाही. पायरीच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा दोन बोटे रुंद पट्टा ओढायला कितीसा खर्च येतो? वस्तीतल्या तरुणांनी एका रविवारी सगळ्या जिन्यांना तो मारावा. डोळ्यांची तपासणी वेगळी करायचीच आहे.

स्मृतिभ्रंशाच्या आजारात मेंदूचा निवाडाच डळमळतो. दारातले काळे पायपुसणे त्यांना खड्ड्यासारखे वाटते आणि ती माणसे पाऊल टाकायला घाबरतात. बोस्टनमध्ये अल्झायमरच्या मोजक्याच रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात पांढऱ्या भांड्यांऐवजी गडद लाल भांडी दिली, तेव्हा खाणे सुमारे २५ टक्क्यांनी आणि पिणे सुमारे ८४ टक्क्यांनी वाढले. रुग्ण थोडे होते, पण घरी करून पाहायला हरकत काय? पांढऱ्या ताटलीतला पांढरा भात आणि स्टीलच्या पेल्यातले पाणी त्यांना दिसतच नसेल, तर "हट्टी झालेत" असे म्हणणे अन्यायाचे आहे.

राहिले शाळेतले मूल. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल, बाळ उशिरा रडले असेल, तर डोळे निरोगी असूनही मेंदूची पाहण्याची क्षमता दुबळी राहू शकते. अशा मुलाला रिकाम्या जागेवरचा चेंडू लगेच दिसतो, पण खेळण्यांच्या ढिगातला सापडत नाही. एकेक अक्षर वाचते, गच्च भरलेल्या पानावर गोंधळते. त्याला मारून काही होणार नाही. कोऱ्या कागदाने बाकीचे पान झाकून एकच ओळ उघडी ठेवावी, जेवणाचे ताट नक्षीच्या चटईवर न ठेवता साध्या एकरंगी कापडावर ठेवावे, दप्तरातल्या वस्तू वेगवेगळ्या रंगांच्या घ्याव्यात. शिक्षकांनाही हे समजावून सांगावे. आणि डोळ्यांचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी तिथे न थांबता, बाळंतपणाच्या वेळचे कागद सोबत घेऊन लहान मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.