शिध्याची फिर्याद

जम्मू-काश्मीरच्या सरहद्दीवर सीमा सुरक्षा दलात तैनात असलेले शिपाई तेज बहादूर यादव यांनी जानेवारी २०१७ मध्ये न्याहारीचा करपलेला पराठा आणि केवळ हळद-मीठ घातलेले पाणचट वरण यांचे चित्रण फेसबुकवर ठेवले, तेव्हा एरव्ही दलाच्या दप्तरातच राहिली असती अशी ती तक्रार पाहता पाहता लक्षावधी देशबांधवांच्या दृष्टीस पडली. सरकार शिधा पुरेसा पाठविते, कोठारे भरलेली असतात, परंतु वरिष्ठ तो परस्पर बाजारात विकतात, हा त्यांचा मुख्य आरोप. दलाने त्याचा इन्कार करून त्यांच्या पूर्वीच्या शिस्तभंगांकडे बोट दाखविले.

गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी तत्काळ अहवाल मागविला, आणि त्याच आठवड्यात लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी जवानांनी समाजमाध्यमांऐवजी तक्रारपेटीचा आश्रय घ्यावा, असे सांगितले. मात्र ज्याच्याविरुद्ध फिर्याद त्याच्याच हुकमतीत जो राहतो, त्याला अशा पेटीचा भरवसा कितपत वाटावा, हा प्रश्न माझ्या मते शिस्तीच्या प्रश्नाइतकाच गंभीर आहे.

एप्रिल २०१७ मध्ये दलाच्या न्यायालयाने यादव यांना बडतर्फ केले. २०१९ साली वाराणसीतून लोकसभेसाठी भरलेला त्यांचा अर्जही, ही बडतर्फी भ्रष्टाचार वा राजद्रोहामुळे झालेली नाही असा निवडणूक आयोगाचा दाखला सोबत नसल्याच्या कारणावरून, नामंजूर झाला. त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये फेटाळले.