कुंपणाच्या पायाखालची माती

पावसाळ्यात घरी गेलात तर मागच्या परसातल्या कुंपणाकडे एकदा नीट बघा. खांबांचे बुडखे उघडे पडलेत? गडगा पलीकडे कलतोय? मग सिमेंटच्या गोणी मागवण्याआधी हे वाचा.

कोकणात बरीचशी घरं उतारावर असतात. जागा सपाट करायची म्हणून वरची माती कापून खाली भराव टाकलेला असतो. परस जिथे संपतं, तिथेच हा भरावही संपतो आणि कुंपण नेमकं त्या कडेवर उभं असतं. साहजिकच आवारात पडलेलं सगळं पाणी शेवटी कुंपणापाशी येतं आणि तिथून खाली उडी घेतं. दर पावसात थोडी थोडी माती जाते, कुणाचं लक्षही जात नाही. मग एखाद्या जुलैत दहा फूट गडगा एका रात्रीत शेजाऱ्याच्या केळींवर जाऊन पडतो.

घरात यावर एकच उपाय ठरलेला असतो, ‘भिंत घालून टाकू.’ खर्चाचा आकडा कळला की सगळे गप्प होतात आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. माती मात्र थांबत नाही. एका गुंठ्यावरून फक्त एक मिलिमीटरचा थर गेला तरी सव्वाशे किलोच्या वर माती जाते. आणि एक सेंटिमीटर माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षं लागू शकतात.

आधी पाण्याचा हिशोब

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या घराचं छप्पर १०० चौरस मीटर असेल आणि दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एकट्या छपरावरून १०,००० लिटर पाणी खाली येतं. म्हणजे एक मोठा टँकर! कोकणात असे दिवस काही दुर्मीळ नाहीत.

हे पाणी पन्हळीतून एकाच कोपऱ्यात पडत असेल तर अर्धा घोटाळा तिथेच आहे. अकरावीचं फिजिक्स आठवा. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. हळू वाहणारं पाणी मातीवरून निघून जातं, जोरात वाहणारं पाणी माती उचलून नेतं. म्हणून इलाज करायचा तो मातीवर नाही, पाण्याच्या वेगावर. आणि सुरुवात कुंपणापासून नाही, छपरापासून.

पुढच्या मोठ्या सरीत छत्री घेऊन वीस मिनिटं परसात उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे गढूळ होतं, याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. जिथे पाण्याचा रंग बदलतो, तिथून माती सुटतेय. कुंपणालगत चार-पाच जागी लांब खिळे ठोका आणि जमिनीच्या पातळीवर रंगाची खूण करा. पावसाळ्यानंतर खूण किती वर राहिली ते मोजलं की माती किती गेली ते कळतं.

भिंत का पडते?

नुसती पक्की भिंत घातली की पाणी तिच्या मागे अडतं. तिथे एक मीटर उंचीचं पाणी साठलं तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ५०० किलोचा रेटा येतो. दोन मीटर साठलं तर हाच रेटा २,००० किलो, म्हणजे चौपट. शिवाय ओल्या मातीचा भार वेगळाच. म्हणून भिंतीला खालच्या बाजूला पाणी जायला भोकं हवीत आणि मागे खडीचा थर हवा. आपल्या आजोबा-पणजोबांचा गडगा यासाठीच हुशार होता. दगडांत चुना-सिमेंट नाही, त्यामुळे पाणी फटींतून निघून जायचं. ‘मजबुती’साठी त्या फटी सिमेंटने लिंपल्या की गडग्याचा मुख्य गुणच जातो.

आता हात मातीत घाला

पहिलं काम पन्हळीच्या पाण्याचं. पाइप लावून ते कडेपासून लांब न्या. जिथे पडेल तिथे दगड पसरा, म्हणजे खड्डा पडणार नाही. साठवता आलं तर उत्तमच. पाणी जिरवायला शोषखड्डा घेणार असाल तर तो घराच्या पायापासून आणि उताराच्या कडेपासून दूर घ्या. कडेलाच पाणी मुरवलं तर माती जड आणि भुसभुशीत होऊन सगळी कडच घसरू शकते.

दुसरं काम, उरलेल्या पाण्याला ब्रेक लावायचा. पाणलोटाच्या कामात समपातळी आखायला ‘ए’ आकाराची चौकट वापरतात, ती घरी बनते. दोन लांब काठ्या वर बांधायच्या, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड लोंबता. चौकट उभी करून दोरी आडव्या काठीला लागते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्हींचा मध्य म्हणजे समपातळी. या रेषेवर दगडांच्या किंवा फांद्यांच्या बुटक्या ओळी टाकल्या की पाणी अडखळत, पसरत खाली येतं.

तिसरं काम आळशी लोकांना आवडेल. कुंपणालगतचा पालापाचोळा झाडू नका, जाळू तर अजिबात नका. पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने उघड्या मातीवर आदळतो आणि तिचे कण सुटे करतो. पाचोळा हा मार स्वतःवर घेतो. तणनाशक मारून कड ‘स्वच्छ’ ठेवणं म्हणजे माती धरणारी मुळंच मारणं.

चौथं काम मुळांचं. माठातल्या पाण्याला वास देणारा वाळा माहीत असेलच. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंत. कर्नाटकातल्या गुंडलुपेट भागातले शेतकरी बांधावर वाळ्याच्या ओळी पिढ्यान्‌पिढ्या लावत आलेत. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी हेच गवत माती धरण्यासाठी जगभर नेलं. नर्सरीत बी न धरणारी जात मागा, म्हणजे ती तणासारखी पसरणार नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला समपातळीत, चार ते सहा इंचांवर एकेक ठोंब लावा. दाट ओळ व्हायला एक-दोन पावसाळे लागतात, तोवर दगडांच्या ओळी काम सांभाळतील. मध्ये गवती चहा चालतो. लोखंडी खांबांऐवजी गिरिपुष्पाचे खुंट रोवले तर खांबालाच मुळं फुटतात.

आधीच धुपलेल्या जागी सुटी माती नुसती ओतू नका, पहिल्याच पावसात तीच आधी जाईल. उतारावर छोट्या पायऱ्या खणा, अर्ध्या फुटाचे थर टाका आणि प्रत्येक थर चोपून घ्या.

शेजारी आणि सावधगिरी

कुंपणाचं पाणी दोन घरांचं असतं. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार वरच्या जमिनीवरचं पावसाचं पाणी नैसर्गिकरीत्या खालच्या जमिनीत वाहू देणं हा वरच्या मालकाचा हक्क मानला जातो. पण तो नैसर्गिक प्रवाहापुरता. पाइपाचं तोंड शेजाऱ्याच्या परसात सोडलं तर भांडण ठरलेलं. तेव्हा काम सुरू करण्याआधी पलीकडच्या काकांना हाक मारा, व्हिडिओ दाखवा. वाळ्याची ओळ दोघांनाही उपयोगी आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. कड माणसाच्या उंचीची असेल, कडेला समांतर भेगा दिसत असतील, भिंत फुगली असेल किंवा तिच्या बुडातून गढूळ पाणी झिरपत असेल, तर तिथे स्वतः खणू नका. मुसळधार पावसात त्या बाजूच्या खोलीत झोपू नका आणि पाऊस ओसरल्यावर स्थापत्य अभियंत्याला जागा दाखवा.

बाकी कामाला लागतात एक कुदळ, एक घमेलं, चार मित्र आणि सुट्टीचे दोन दिवस. दिवाळीत घरी जाल तेव्हा खिळे मोजायला विसरू नका. खूण जिथे होती तिथेच दिसली, तर भिंतीचे पैसे वाचले असं बाबांना खुशाल सांगा.