पावलांची लय

धावताना ऐकावयाची गाणी लयीप्रमाणे लावून ठेवण्याची रीत आजच्या तरुणांत रूढ झाली आहे. मिनिटाला ठोके किती, हे पाहून ते क्रम ठरवितात. आम्हां मराठी माणसांना याचे नवल वाटू नये. वारीची वाट लयीनेच सरते. दिंडीत संथपणे उचललेला अभंग टाळ-मृदंगाच्या साथीने चढत जातो आणि पावले त्याच्यामागून जातात. वेळापूरजवळ तर ज्ञानोबांच्या पालखीसोबतचे वारकरी तुकोबांचे स्मरण करीत उतारावरून पंढरीच्या ओढीने धावत सुटतात. त्यालाच 'धावा' म्हणतात. १९९८ साली इथिओपियाच्या हैले गेब्रसेलासीने बर्मिंगहॅम येथे बंदिस्त मैदानावर २००० मीटर धावण्याचा विश्वविक्रम केला, तोही आवडत्या गाण्याच्या ठेक्यावर.

मात्र क्रम चुकला की लयच वैरीण होते. नंदगडात एका प्रभातफेरीत मी आरंभापासूनच ढोल जलद वाजवावयास लावला. वेशीपाशी पोहोचेतो धाकटी मुले धापा टाकीत मागे राहिली. तेव्हा उमगले, की आधी विलंबित, मग मध्य, नंतर द्रुत आणि अखेरीस पुन्हा संथ, हा चढउतार श्वासाचाच आहे. दिंडीत वृद्धही चालतात. म्हणून तेथील लय सर्वांना पेलते. यादी लावणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे: पहिले गाणे धावण्याचे नव्हे, चालण्याचे असावे.